साडेचार गेले, उरलं काय?

बेळगावात फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू, पावसाने चिखल झालेलं मैदान आणि कॅम्पातली पोरं डोळ्यांसमोर येतात. मी ज्या फुटबॉलविषयी लिहिणार आहे त्याचा चेंडू लांबट असतो, पाय त्याला क्वचितच लागतो आणि खेळणाऱ्यांच्या अंगावर चिलखत असतं. अमेरिकन फुटबॉल. मराठी वाङ्मय मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं आमच्या संपादक मैत्रिणीने विचारलंच. मी तिला म्हटलं, आधी वाच, मग ठरव. तुम्हालाही तेच सांगते.

मला हा नाद लागला तो माझ्या मावसभावामुळे. दादा न्यू जर्सीत राहतो, डेलावेअर नदीच्या काठाजवळ. नदी ओलांडली की फिलाडेल्फिया. त्यामुळे त्याची टीम फिलाडेल्फिया ईगल्स, आणि मग आपोआप माझीही. तिकडचे दुपारी एकचे सामने आपल्याकडे रविवारी रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सकाळी मिस्सा, दुपारी झोप, संध्याकाळी अभ्यासाचं नाटक आणि रात्री ईगल्स, असा गेली तीन वर्षं माझा रविवार आहे. आता नवा हंगाम तोंडावर आलाय. ४ सप्टेंबर २०२५ ला, गुरुवारी रात्री, फिलाडेल्फियात डॅलस काउबॉइजशी पहिला सामना आहे. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट असेल, सहाला दहा कमी. त्याआधी दादा आणि मी दर ऑगस्टमध्ये घालतो तो वाद यंदा जरा जास्तच पेटलाय. ईगल्सची डिफेन्सिव्ह लाइन यंदा टिकणार का?

खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. क्वार्टरबॅक हा त्यांचा सूत्रधार. तो चेंडू लांब फेकतो, नाहीतर पळणाऱ्याच्या हातात देतो. त्याला सांभाळायला समोर पाच दांडगे उभे असतात. आणि त्या पाचांच्या नाकासमोर, जमिनीला हात टेकून, बचाव करणाऱ्यांची पहिली फळी वाकलेली असते. तीच डिफेन्सिव्ह लाइन. मधले दोघे थोराड, कडेचे दोघे जरा हलके आणि चपळ. ईगल्सच्या कागदावर कडेच्यांना लाइनबॅकर म्हणतात, पण फेक होणार असं दिसलं की त्यांचंही काम तेच: समोरच्याला हटवून क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचं. चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला खाली पाडलं की झाला सॅक. दोघांनी मिळून पाडला तर अर्धा-अर्धा वाटून घेतात.

आता गेल्या मोसमातला शेवटचा सामना बघा, कारण आमचा सगळा वाद तिथूनच निघतो. ९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल झाला. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. समोर कॅन्सस सिटी चीफ्स आणि त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, त्याआधीचे लागोपाठ दोन सुपर बोल जिंकलेला. मध्यंतराला ईगल्स २४, चीफ्स शून्य. शेवटी ४०-२२. महोम्सला त्या दिवशी सहा वेळा पाडलं. एका सामन्यात इतक्यांदा तो कारकिर्दीत कधी पडला नव्हता.

सहा सॅक ही मोठी गोष्ट आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की बचावाचे प्रशिक्षक विक फँजिओ यांनी त्यासाठी एकदाही मागचा जादा माणूस पुढे पाठवला नाही. असा जादा माणूस पाठवण्याला ब्लिट्झ म्हणतात. ब्लिट्झ केला की क्वार्टरबॅक घाबरतो खरा, पण मागे भोक पडतं आणि महोम्ससारखा माणूस नेमका तिथेच चेंडू टाकतो. चौघांतच काम भागलं तर मागे सात जण मोकळे राहतात, आणि फेक झेलू शकणारे समोर असतात पाचच. पाचांवर सात. मग क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागाच दिसत नाही, तो हातात चेंडू धरून थांबतो आणि तेवढ्यात चौघांतला कुणीतरी येऊन पोचतो.

ते सहा सॅक कोणाकोणाचे? जॉश स्वेट अडीच, मिल्टन विल्यम्स दोन, जॉर्डन डेव्हिस एक, जॅलिक्स हंट अर्धा. झाले सहा. त्यातले स्वेट आणि विल्यम्स मार्चमध्ये गेले. स्वेटला अॅरिझोना कार्डिनल्सने चार वर्षांचे ७ कोटी ६४ लाख डॉलर देऊ केले. विल्यम्सला न्यू इंग्लंड पेट्रियट्सने चार वर्षांचे १० कोटी ४० लाख. पंधरा हंगाम खेळलेला ब्रँडन ग्रॅहम त्याच महिन्यात निवृत्त झाला. ब्राइस हफ उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेला. नियमित हंगामात ईगल्सचे ४१ सॅक होते, त्यांतले १९ या चौघांचे. दादाने मला पाठवलेला व्हॉइस मेसेज अजून फोनवर आहे: "अगं, सहातले साडेचार गेले! आता उरलं काय?"

हंगामाच्या तोंडावर येणारे बहुतेक अंदाज हेच गणित मांडतात. गेलेले सॅक एका बाजूला, आलेले दुसऱ्या बाजूला, मग वजाबाकी. मला हे गणित पटत नाही. त्याचं कारण या यादीत नसलेला माणूस आहे.

जेलन कार्टर. नंबर ९८. लाइनमधला सगळ्यात चांगला खेळाडू, आणि त्या दिवशी त्याच्या नावावर सॅक किती? शून्य. आता हिशेब करा. सांभाळणारे पाच, धावून जाणारे चार. म्हणजे चारांतल्या एकावरच दोघे जाऊ शकतात, बाकी तिघांच्या वाट्याला एकास एक येतो. ते दोघे सगळ्यात जास्त कोणाच्या वाट्याला आले? कार्टरच्या. पळणारा मदतीला ठेवला तरी त्याची पहिली नजर कार्टरकडे. आणि तो मधोमध दोघांना अंगावर घेऊन झुंजत होता म्हणून शेजारच्या विल्यम्सला आणि कडेच्या स्वेटला समोर एकच माणूस मिळाला. त्या एकाला हरवायची ताकद त्यांच्यात होती, ते त्यांचं श्रेय. पण समोर एकच माणूस उरला, यात कार्टरची मेहनत होती. तिला तक्त्यात रकाना नाही. खरं तर सॅकचा सुद्धा माणशी अधिकृत हिशेब लीगने १९८२ पासूनच ठेवायला सुरुवात केली. त्याआधी तोही रकाना नव्हता, म्हणून काय कोणी क्वार्टरबॅकला पाडत नव्हतं?

आपल्याकडे कबड्डी बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. घोटा ज्याने धरला त्याचं नाव माइकवर येतं. साखळी करून ज्यांनी चढाईवाल्याला कोपऱ्यात रेटत नेलं त्यांचं येत नाही.

मला हे इतकं लागतं त्याला घरचं कारण आहे. माझे डॅडी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कोर शॉपला आहेत, गेली सत्तावीस वर्षं. बेळगावच्या मुलांना फाउंड्री माहीत असते, बाहेरच्यांसाठी सांगते. पंप किंवा व्हॉल्व्ह ओतायचा तर नुसता वाळूचा साचा पुरत नाही. आत पोकळी हवी असते. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा घट्ट गोळा आधी बनवून साच्यात बसवतात. तो कोर. वितळलेलं लोखंड त्याच्याभोवती भरतं, त्याचा सगळा ताप आणि दाब कोर झेलतो. लोखंड निवलं की कोर ठोकून फोडायचा आणि वाळू झटकून टाकायची. तयार मालात कोर कुठेच दिसत नाही, त्याने राखलेली जागा तेवढी राहते. माल चांगला उतरला तर नाव मोल्डिंगवाल्यांचं. आत ब्लोहोल निघाला की बोलणी कोर शॉपला. डॅडींच्या खात्याची आठवण कारखान्याला अशी फक्त रिजेक्शनच्या दिवशी येते. रोज संध्याकाळी फळ्यावर टनांचा आकडा लिहितात, त्यात कोर शॉपचा आकडा वेगळा नसतो.

याच मार्चमध्ये डॅडींच्या हाताखालची दोन पोरं कोल्हापूरला दुसऱ्या कारखान्यात गेली. दोघांनाही डॅडींनीच शिकवलं होतं. एक तर आला तेव्हा त्याला वाळू किती ओली हवी तेही कळत नव्हतं. मम्मीला राग आला, एवढं शिकवून शेवटी काय उपयोग, म्हणाली. डॅडी जेवता जेवता म्हणाले, "गेली तर काय झालं? काम शिकून गेली की. नसती शिकली तर कोण बोलावलं असतं त्यांना?" आणि मग जरा वेळाने, "आता नवीन दोघांना घेऊन बसायचं. दोन महिने त्रास आहे."

दादाच्या "उरलं काय" ला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. स्वेट २०१८ साली चौथ्या फेरीत घेतलेला, विल्यम्स २०२१ साली तिसऱ्या फेरीत. दोघेही पहिल्या फेरीतले, गाजत आलेले नव्हते. इथे शिकले, इथे मोठे झाले आणि जास्त पैसे मिळाले तिकडे गेले. यात गद्दारी कुठे आली? लीगचा नियमच असा आहे की एका संघाला पगारावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. २०२५ साठी ती मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर ठरली. कार्टरचा पहिला, स्वस्तातला करार संपत येईल तेव्हा त्यालाही मोठी रक्कम लागणार. सगळ्यांना ठेवून घेणं शक्यच नव्हतं. आणि पैसे टाकून तयार माणूस आणला की काम होतंच असंही नाही. ब्राइस हफला २०२४ मध्ये तीन वर्षांच्या ५ कोटी १० लाखांवर आणलं होतं. त्याचे सॅक झाले अडीच, आणि सुपर बोलच्या दिवशी तो खेळणाऱ्यांच्या यादीतही नव्हता.

तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: शिकवणारी व्यवस्था जागेवर आहे का, आणि नवीन दोघे शिकायला तयार आहेत का? आता एकेकाकडे बघू.

मधोमध कार्टर आहे, तीच सगळ्यात मोठी जमेची बाजू. २०२३ च्या निवडीत नववा. त्याच्या अंगात नुसती ताकद नाही, शेवटच्या क्षणी उसळणारी काहीतरी चीज आहे. जानेवारीत लॉस एंजलिस रॅम्सविरुद्ध बर्फात झालेला सामना आठवा. ईगल्स २८-२२ ने पुढे, रॅम्स गोलरेषेच्या जवळ येऊन ठेपलेले, मिनिटभराचा खेळ बाकी. तिसऱ्या प्रयत्नाला कार्टरने क्वार्टरबॅकला पाडून मागे ढकललं, चौथ्याला पुन्हा त्याच्या अंगावर गेला, फेक वाया गेली, सामना संपला. दमलेल्या पायांनी हे करणं मला चमत्कारच वाटतो. पण काळजीही तिथेच आहे. गेल्या वर्षी मधल्या खेळाडूंत सर्वांत जास्त वेळ मैदानावर तोच होता. विल्यम्स गेल्यावर त्याला दम खायला बाहेर बसवायचं तर आत कोण जाणार?

याचं पहिलं उत्तर जॉर्डन डेव्हिस, नंबर ९०. हा माझा लाडका. २०२२ च्या निवडीआधीच्या चाचणीत त्याचं वजन होतं ३४१ पौंड, जवळजवळ १५५ किलो, आणि त्या देहानिशी तो ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पळाला. मी तो व्हिडिओ डॅडींना दाखवला तर ते म्हणाले, "हे खोटं आहे." डेव्हिसचं काम कोरचं आहे. पळण्याचा डाव असला की मधोमध उभं राहायचं, दोघांना अडवून धरायचं आणि मागच्या लाइनबॅकरला मोकळं ठेवायचं. गेल्या वर्षी झॅक बॉन याने १५१ टॅकल केले, देशातल्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. त्याच्यापर्यंत पोचायला निघालेले कितीतरी दांडगे आधी डेव्हिसच्या अंगावर अडकून पडले होते. मात्र आजवर फेकीचा डाव दिसला की डेव्हिसला बाहेर बोलावत. निम्म्याहून कमी डावांत तो असे. या उन्हाळ्यात तो वजन उतरवून आलाय. तिसऱ्या प्रयत्नालाही तो आत राहिला, तर विल्यम्सच्या जागेचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

उरलेला अर्धा मोरो ओजोमोवर. नंबर ९७. कार्टरच्याच वर्षी निवडलेला, पण कार्टर नववा आणि हा २४९ वा. त्या वर्षी एकूण निवडलेच २५९. म्हणजे शाळेत संघ पाडताना अगदी शेवटी जे दोघे-तिघे उरतात त्यांतला. निवड झाली तेव्हा तो २१ वर्षांचा होता, आज मी आहे तेवढा. दोन वर्षं तो मोठ्यांच्या मागे उभा राहून शिकला, गेल्या वर्षी थोडं थोडं खेळला. आता कार्टरच्या शेजारची जागा त्याची आहे, आणि कार्टरवर दोघे गेले की ओजोमोसमोर एकच उरणार, जसा विल्यम्ससमोर उरायचा. त्या एकाला तो हरवतो का, यावर यंदाचं बरंच काही ठरेल. चौथ्या फेरीत नेब्रास्काचा टाय रॉबिन्सन घेतलाय, पण त्याच्याकडून पहिल्याच वर्षी फार मागू नये.

कडेला मला जास्त भीती वाटते. नोलन स्मिथ, नंबर ३, वजन साधारण १०८ किलो, या कामाला हलकाच म्हणायचा. गेल्या हंगामात त्याचे साडेसहा सॅक. सुपर बोलमध्ये दंडाचा स्नायू फाटला, तरी तो खेळत राहिला आणि नंतर शस्त्रक्रिया झाली. तो हात आता पाच महिने समोरच्याच्या छातीवर आपटायचा आहे. दुसऱ्या कडेला जॅलिक्स हंट, नंबर ५८. याची गोष्ट मला फार आवडते. कॉर्नेल विद्यापीठात तो सेफ्टी खेळायचा, सगळ्यात मागे, चेंडू अडवायला. मग ह्यूस्टन ख्रिश्चन विद्यापीठात गेला आणि सगळ्यात पुढच्या फळीत आला. आपल्यासारख्याच, मोठ्या स्पर्धांत कुणी नाव न घेणाऱ्या कॉलेजातून २०२४ ला तिसऱ्या फेरीत निवडला गेला. पहिल्या वर्षी सुधारत सुधारत सुपर बोलपर्यंत पोचला. पण वर्षभर पूर्ण भार उचलणं वेगळं. त्या दोघांच्या मागे अझीझ ओजुलारी आणि जॉश उचे आहेत, दोघेही एकेका वर्षाच्या करारावर आलेले. दोघांत गुण आहेत, पण दोघांपैकी कोणी स्वेटची जागा घेईल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. इथे एक जण जायबंदी झाला की फँजिओंना ब्लिट्झ करावा लागेल, आणि ब्लिट्झ करावा लागला की पाचांवर सात हे सुंदर गणित मोडलं.

दादा इथे हमखास इतिहास काढतो, आणि त्याची भीती अनाठायी नाही. फिलाडेल्फियाने अशी लाइन आधीही पाहिली होती. १९९१ साली ईगल्सचा बचाव पळण्यात, फेकीत आणि एकूण, तिन्ही हिशेबांत लीगमध्ये पहिला होता. रेजी व्हाइट, जेरोम ब्राउन, क्लाइड सिमन्स. व्हाइट तर धर्मोपदेशक, म्हणून लोक त्याला गमतीने बचावमंत्री म्हणायचे: इंग्रजीत मिनिस्टर म्हणजे मंत्रीही आणि उपदेशकही. ईगल्सकडून १२१ सामन्यांत त्याने १२४ सॅक केले. पण १९९२ च्या जूनमध्ये जेरोम ब्राउन मोटार अपघातात गेला. १९९३ ला व्हाइट ग्रीन बेला गेला आणि पुढे तिथे सुपर बोल जिंकला. १९९४ ला सिमन्सही गेला, तोही अॅरिझोनालाच. तीन वर्षांत फळी विस्कटली आणि त्या फळीला फिलाडेल्फियात विजेतेपद काही मिळालं नाही. दादाचे तिकडचे शेजारी अजून हळहळतात म्हणे.

मला दोन्हींत फरक दिसतो तो असा. तेव्हा मधला खांबच गेला होता. यंदा खांब आहे, त्याच्या आधाराने उभे असलेले दोघे गेलेत. डेव्हिस, कार्टर, स्मिथ हे तिघेही जॉर्जिया विद्यापीठातले, तिथेही एकाच फळीत वाकून उभे राहिलेले. ओजुलारीही तिथलाच. त्यांना एकमेकांच्या सवयी ठाऊक आहेत. कोण कधी आत घुसेल, कोण कधी जागा धरून राहील, हे ओरडून सांगावं लागत नाही. आणि फँजिओ जागेवर आहेत.

ब्रँडन ग्रॅहमची जागा मात्र कोण घेणार, ते मला खरंच सांगता येत नाही. ४ फेब्रुवारी २०१८ ला टॉम ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवून त्याने ईगल्सना पहिला सुपर बोल मिळवून दिला, ते सगळे सांगतात. गेल्या नोव्हेंबरात त्याच्या दंडाचा स्नायू फाटला, हंगाम संपला असं सगळे धरून चालले होते, तरी सुपर बोलला तो उतरला आणि तोच स्नायू पुन्हा फाटला. छत्तीस वर्षांचा माणूस. मला हे वाचून अभिमान वाटला आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. डॅडींच्या कमरेला पट्टा असतो. सणाच्या आधी ऑर्डर जास्त असली की पट्ट्यासकट डबल शिफ्ट करतात, आणि "माझ्याशिवाय अडतंय" असं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो मला ग्रॅहमच्या चेहऱ्यावर दिसला. अशा माणसांचं कौतुक करताना त्यांच्या शरीराची किंमत आपण विसरून जातो. मी यंदा डॅडींना सांगितलंय की नवीन दोघांना लवकर शिकवा. ते हसले. पण परवा म्हणाले की त्यातल्या एकाचा हात चांगला आहे.

तर माझा अंदाज, दादासाठी आणि तुमच्यासाठी लेखी देते. सॅक कमी होतील. पहिले दोन महिने त्रास आहे, विशेषतः कडेला. लोक म्हणतील, बघा, साडेचार गेले ना. पण मधून पळणाऱ्यांना वाट मिळणार नाही, आणि थंडी पडेपर्यंत ओजोमोचं नाव आज न ओळखणाऱ्यांच्याही तोंडी असेल. डेव्हिस फेकीच्या डावातही मैदानावर राहिला, तर ही फळी डिसेंबरात गेल्या वर्षीच्या जवळपास येईल. नाही राहिला, तर कार्टर दमेल आणि मग माझ्याकडे उत्तर नाही.

पहिल्या सामन्याच्या दिवशी आमच्याकडे मरियामातेच्या सणाआधीचा नोव्हेना चालू असेल, घरात सगळे लवकर उठलेले असतील, तेव्हा टीव्ही लावायला कुणाची परवानगी लागणार नाही. तुमच्यापैकी कुणी उठलंच तर एक करून बघा. एखाद्या डावात चेंडूकडे बघू नका. मधोमध ९८ नंबर शोधा आणि त्याच्या अंगावर किती जण येतात ते मोजा. दोघे आले की लगेच शेजारच्या ९७ कडे बघा.